उरले तेहेतीस तास

'ऑथेल्लो'मधली माणसं सारखी वेळ सांगत असतात. दवंडीवाला पाच ते अकरा सांगतो, इयागो अजून दहासुद्धा वाजले नाहीत म्हणतो, खुनाची वेळ बारा ते एकच्या दरम्यान ठरते. या खुणा जोडत गेलं की सायप्रसच्या धक्क्यावर नवरा-बायकोची भेट होते तिथपासून नवऱ्याच्या हातून बायको मरते तिथपर्यंत साधारण ३३ तास भरतात. मधले काही तास मी अंदाजाने धरले आहेत. क्रम शेक्सपिअरचाच.

हा हिशेब मांडावासा वाटला तो परीक्षेतल्या एका नेहमीच्या प्रश्नामुळे: प्रवेशातील भाषा आणि व्यक्तिचित्रण यांचे विवेचन करा. अमळनेरात प्रताप महाविद्यालय १९४५ साली सुरू झालं. तेव्हापासून इंग्रजी वाङ्मय घेणाऱ्या मुलांनी अशा प्रश्नाला काय लिहिलं असेल, ते पेपर न बघता सांगता येतं. इयागो कपटी, ऑथेल्लो संशयी, डेस्डेमोना निष्पाप, आणि भाषा ओघवती. गाईडात तेच असतं. पण शनिवारी दुपारी चारला ऑथेल्लो संशयी नसतो, रविवारी दुपारी चारला असतो. त्या चोवीस तासांत त्याच्या तोंडचे शब्द बदलतात आणि ते आले कुठून याचा माग काढता येतो.

हा माग खानदेशातल्या मुलांना इतरांपेक्षा लवकर लागावा, असं मला वाटतं. बोरी नदीकाठच्या खेड्यातून येणारं पोर घरी अहिराणी बोलतं. 'काय व्हयनं रे भो' म्हणून गप्पा सुरू होतात, आणि तेच पोर वर्गात उभं राहिलं की जपून, एकेक शब्द निवडून पुस्तकी मराठी बोलतं. कधीकधी ती पुणेकराच्या मराठीपेक्षाही शुद्ध असते, कारण पुणेकराला चुकण्याची भीती नसते. ऑथेल्लो व्हेनिसमध्ये परका आहे, काळा आहे, पगारी सेनापती आहे. त्याची भव्य, घोटून बोललेली भाषा ही अशी कमावलेली भाषा आहे. आमच्याकडे माणूस संतापला की आईची बोली उसळून वर येते. ऑथेल्लो संतापतो तेव्हा मात्र त्याच्या तोंडून इयागोची बोली येते. माझ्या लेखी शोकांतिका ही आहे, खून नंतरचा.

त्याआधीची एक रात्र, व्हेनिस

मोजणी अजून सुरू झालेली नाही, पण दारूगोळा इथेच भरला जातो. पहिल्या प्रवेशात ऑथेल्लोच्या हाताखालचा इयागो आणि डेस्डेमोनावर डोळा ठेवलेला रोडेरिगो तिच्या बापाच्या, ब्रबान्शियोच्या, खिडकीखाली उभे राहून ओरडतात की तुमची मुलगी पळाली. त्या अख्ख्या प्रवेशात ऑथेल्लोचं नाव एकदाही उच्चारलं जात नाही. 'मूर' म्हणतात, त्याच्या ओठांवरून बोलतात, त्याला मेंढा म्हणतात, घोडा म्हणतात. नाव काढून घ्यायचं आणि जनावराचं द्यायचं, ही इयागोची रीत पहिल्या पाच मिनिटांत दिसते.

मग खुद्द ऑथेल्लो राजसभेत येतो आणि म्हणतो की मला बोलता येत नाही, मी रांगडा शिपाईगडी. आणि इतकं सुंदर बोलतो की ड्यूकही विरघळतो. डेस्डेमोना त्याच्या प्रेमात पडली तीही त्याच्या गोष्टी ऐकूनच. बोलण्यावर जिंकलेला माणूस बोलण्यावरच हरणार, हे इथे पेरलेलं आहे. निघताना ब्रबान्शियो जावयाला बजावतो की हिने बापाला फसवलं, तुलाही फसवेल. ऑथेल्लो ते वाक्य झटकून टाकतो. शेजारी उभा असलेला इयागो जपून ठेवतो.

शनिवार, दुपारी चारच्या सुमारास. उरले ३३ तास

वादळात तुर्की आरमार बुडालं. युद्ध सुरू होण्याआधीच संपलं आणि सेनापतीच्या हाताला काम उरलं नाही. ऑथेल्लोचं जहाज मागे राहिलंय, डेस्डेमोना आधी पोचली आहे आणि काळजी लपवायला इयागोशी थट्टा करते आहे. इयागो बायकांविषयी यमकं जुळवून दाखवतो. ती हसण्यावारी नेते. ऑथेल्लो उतरतो, बायकोला बघून म्हणतो की आत्ता मरण आलं तरी चालेल, याहून मोठं सुख पुढे नसेल. त्याच्या कवितेची ही सर्वांत उंच जागा. बाजूला इयागो स्वतःशी बोलतो की हे वाद्य फार सुरात लागलंय, याच्या खुंट्या सैल करायला हव्यात.

संध्याकाळी पाच. उरले ३२ तास

दवंडी पिटली जाते: पाचपासून अकराचे टोल पडेपर्यंत बेटावर मेजवानी, ज्याला जे आवडेल ते करा.

रात्री दहाच्या आत. उरले २७ तासांहून थोडे जास्त

ऑथेल्लोच्या दुय्यमाला, कॅसियोला, दारू सोसत नाही आणि त्याला ते ठाऊक आहे. इयागो पाजतो. भांडण, तलवारी, मोंटानो जखमी, धोक्याची घंटा. ऑथेल्लो उठून येतो आणि विचारतो, कुणी सुरू केलं?

इथे थांबावं. इयागो म्हणतो की माझी जीभ कापली तरी बरी, कॅसियोविरुद्ध बोलवत नाही. आणि मग सगळं सांगतो. ऑथेल्लोला वाटतं, हा मित्राला वाचवायला गुन्हा कमी करून सांगतोय. म्हणजे प्रत्यक्षात याहून जास्त असणार. कॅसियोची नोकरी तिथल्या तिथे जाते. उद्याची रंगीत तालीम झाली ती ही. इयागोला कळलं की या माणसाला सांगितलेलं जेवढं पटतं त्यापेक्षा अर्धवट सांगितलेलं जास्त पटतं.

कॅसियो अब्रू गेली म्हणून रडतो, तेव्हा इयागो त्याला समजावतो की अब्रू म्हणजे लोकांनी चिकटवलेली पोकळ गोष्ट, कधी फुकट मिळते, कधी विनाकारण जाते. हे लक्षात ठेवा. बारा-तेरा तासांनी हाच माणूस ऑथेल्लोला सांगणार आहे की पैसा गेला तर काही गेलं नाही, पण चांगलं नाव गेलं की सर्वस्व गेलं. दोन्ही वाक्यं स्वतंत्रपणे फळ्यावर लिहिण्याजोगी आहेत, आणि आपल्याकडे ती सुविचार म्हणून लिहिलीही जातात. इयागोची मतं शोधत बसू नये. समोरच्याला जे लागेल ते तो बोलतो.

रविवार, पहाट. उरले २० तास

कॅसियो रात्रभर झोपलेला नाही. डेस्डेमोनाची भेट मिळावी म्हणून तिच्या सोबतिणीला, इयागोच्या बायकोला, एमिलियाला गाठतो. आज रविवार, हे आपल्याला कसं कळलं? थोड्या वेळाने डेस्डेमोना नवऱ्यापाशी कॅसियोची रदबदली करताना विचारते, त्याला कधी बोलावतोस? आज रात्री? उद्या दुपारी? उद्या रात्री, मंगळवारी सकाळी, दुपारी, रात्री, की बुधवारी? त्या लाडिक लकड्यातून वार निघतो. आणि स्वभावही निघतो. तिला वाटतं वेळ भरपूर आहे, पाच-सहा पर्याय देण्याइतका. तिच्या यादीतला पहिलाच पर्याय, आजची रात्र, तिची शेवटची आहे.

रविवार, सकाळी दहा-अकराच्या सुमारास. उरले १४ तास

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश. पावणेपाचशे ओळींच्या आसपासचा हा एक प्रवेश नाटकाच्या मध्यावर उभा आहे. तो सुरू होतो तेव्हा ऑथेल्लो सुखी नवरा असतो, संपतो तेव्हा खुनाची शपथ घेऊन गुडघ्यावर बसलेला असतो. जगातल्या कुठल्याही नाटकात इतक्या थोड्या वेळात माणूस इतका बदललेला मी वाचलेला नाही. कसा, ते शब्दाशब्दाने बघू.

कॅसियो डेस्डेमोनाशी बोलून घाईने निघून जातो. इयागो तोंडातल्या तोंडात पुटपुटतो की हे काही मला बरं दिसलं नाही. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? काही नाही, म्हणतो इयागो. बस. आरोप नाही, नाव नाही. ज्याला आपल्याकडे 'जाऊ द्या, मी काही बोलत नाही' म्हणतात ते एवढंच.

डेस्डेमोना गेल्यावर इयागो साधा प्रश्न विचारतो की तुमचं जमत होतं तेव्हा कॅसियोला ते माहीत होतं का? होतं, निरोप तोच पोचवायचा, ऑथेल्लो सांगतो. इयागो नुसतं 'असं?' म्हणतो. ऑथेल्लो तोच शब्द परत उच्चारतो. मग 'प्रामाणिक' या शब्दाची टोलवाटोलवी, मग 'वाटणं' या शब्दाची. ऑथेल्लो प्रश्न विचारतो, इयागो उत्तराऐवजी प्रश्नातला शेवटचा शब्द त्यालाच परत देतो. ऑथेल्लोच्या ध्यानात येतं की हा माझा प्रतिध्वनी करतोय आणि त्यामागे काहीतरी भयंकर दडवलंय. इथे त्याने निष्कर्ष काढला की जे दडलंय ते इयागोच्या पोटात आहे. इयागोच्या पोटात काही नाही. त्याने एक रिकामी जागा ठेवली आहे आणि ती ऑथेल्लोने स्वतः भरायची आहे.

'मत्सर' हा शब्दही या प्रवेशात आधी इयागोच उच्चारतो, आणि तोही सावध करण्याच्या सुरात. नवरा तोवर मत्सराबद्दल बोललेलाच नाही. सावधगिरीच्या आवरणात घालून रोग दिला जातो. ऑथेल्लो ताठपणे उत्तर देतो की मी आधी बघेन, मग संशय घेईन, मग पुरावा मागेन. वाक्य उत्तम आहे. पुढच्या अर्ध्या तासात तो या पायऱ्या उलट्या क्रमाने उतरतो.

मग दोन खिळे. पहिला: व्हेनिसच्या बायका मला माहीत आहेत, त्या नवऱ्याला जे दाखवत नाहीत ते देवाला दाखवतात. म्हणजे मी इथला, तू बाहेरचा, तुला काय कळणार. दुसरा खिळा ब्रबान्शियोचा, जपून ठेवलेला: बापाला फसवून तिने तुमच्याशी लग्न केलं. व्हेनिसमध्ये झटकलेलं वाक्य आता आत शिरतं, कारण आता ते मित्राच्या तोंडून येतं.

आणि यानंतर इयागो जे करतो ते मला सगळ्यांत थंड वाटतं. निघून जातो, परत येतो आणि कळकळीने सल्ला देतो की आता यावर जास्त विचार करू नका, काळावर सोडा. ३३ तासांच्या या घटनाक्रमात 'थांबा' म्हणणारा माणूस हा! त्याला पक्कं ठाऊक आहे की थांबलं तर सगळं फुटेल. कॅसियोला समोर बसवून विचारलं असतं, एमिलियाला पुढे हरवणाऱ्या रुमालाचं विचारलं असतं, एक रात्र मध्ये जाऊ दिली असती, तर काही उरलं नसतं. ज्याला धीर धरवणार नाही त्यालाच धीर धर म्हणून सांगायचं.

एकटा पडल्यावर ऑथेल्लो कारणं शोधतो. मी काळा आहे म्हणून, किंवा दरबारी लोकांसारखं गोड, मऊ बोलता येत नाही म्हणून, किंवा वय उतरतंय म्हणून. यातलं दुसरं कारण वाचकांच्या नजरेतून निसटतं. ज्या बोलण्याने त्याने तिला जिंकलं, ज्याने राजसभा जिंकली, त्याच बोलण्याची त्याला आता लाज वाटते. राजसभेत तो नम्रतेने म्हणाला होता की मला बोलता येत नाही. आता ते त्याला खरं वाटतं. कमावलेली भाषा बोलणाऱ्या माणसाचा आत्मविश्वास कुठे ठिसूळ असतो हे शेक्सपिअरला कसं कळलं कोण जाणे. आणि याच स्वगतात त्याच्या तोंडी जनावर येतं. तो म्हणतो, यापेक्षा अंधारकोठडीत बेडूक होऊन राहीन.

रविवार, दुपारच्या जेवणाची वेळ. उरले १२-१३ तास

डेस्डेमोना जेवायला बोलवायला येते, पाहुणे खोळंबलेत. ऑथेल्लो कपाळ दुखतं म्हणतो. ती रुमाल बांधायला जाते. तो म्हणतो, हा लहान आहे, आणि रुमाल खाली पडतो. म्हणजे जगप्रसिद्ध हरवलेला रुमाल त्याच्याच झटक्याने पडला, त्याच्या डोळ्यांदेखत. दोघंही त्याच्याकडे बघत नाहीत. एमिलिया उचलते आणि नवऱ्याने कधीचा मागितलाय म्हणून त्याला देते.

शेक्सपिअरने ही कथा चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ च्या संग्रहातून घेतली. तिथे रुमाल खलनायक स्वतः चोरतो, त्याची तीन वर्षांची मुलगी डेस्डेमोनाच्या मांडीवर असताना. शेक्सपिअरने लहान मूल काढलं आणि चोरीच्या जागी एक साधं दुर्लक्ष ठेवलं. १६९३ मध्ये टॉमस रायमरने एका रुमालावरून एवढं महाभारत, म्हणून या नाटकाची यथेच्छ टर उडवली. टर उडवण्याजोगं आहेच. इयागोही स्वतः म्हणतो की हवेइतक्या हलक्या वस्तूसुद्धा मत्सरी माणसाला धर्मग्रंथासारख्या पक्क्या वाटतात.

थोड्या वेळाने. उरले ११ तास

ऑथेल्लो परत येतो तो वेगळाच. युद्धाला, घोड्यांना, नगाऱ्यांना निरोप देतो. बायकोवर संशय आला तर नोकरीला कशाला रामराम? कारण त्याची भाषा, त्याचं शौर्य आणि त्याचं लग्न हे सगळं एकाच धाग्याने शिवलेलं होतं. पुरावा दे, डोळ्यांनी दिसेल असा, तो गरजतो.

इयागो म्हणतो, तसं बघायला कसं मिळणार? ते बोकडांसारखे, माकडांसारखे पेटलेले असले तरी? ही दोन जनावरं ध्यानात ठेवा. मग कॅसियोच्या झोपेतल्या बडबडीची गोष्ट, तीही शृंगारिक बारकाव्यांसकट, आणि मग कॅसियोने त्या रुमालाने दाढी पुसली हे. डोळ्यांनी बघायचा पुरावा मागितला होता, मिळाली ती सगळी ऐकीव चित्रं. ऑथेल्लोला फरक कळत नाही, कारण चित्रं फार स्पष्ट आहेत.

तो गुडघे टेकतो. इयागोही शेजारी गुडघे टेकतो. लग्नविधीचं विडंबन आहे हे. कॅसियोला संपवायला मुदत दिली जाते ती तीन दिवसांची. हल्ला होणार आहे तो अकरा तासांच्या आतच.

पुढच्या प्रवेशात तो डेस्डेमोनाकडे रुमाल मागतो आणि त्याची कुळकथा सांगतो: आईला एका इजिप्शियन बाईने दिला, दोनशे वर्षांच्या जोगतिणीने विणला. शेवटच्या प्रवेशात तो सांगेल की रुमाल वडिलांनी आईला दिला होता. कुठली गोष्ट खरी? त्यालाही सांगता येणार नाही. गोष्टी सांगून प्रेम मिळवणारा माणूस आता गोष्टींनी धाक घालतोय. त्याच प्रवेशात डेस्डेमोना एमिलियाला विचारते की रुमाल कुठे पडला असेल. एमिलिया म्हणते, मला माहीत नाही. दुपारची ती तीन-चार शब्दांची गप्प बसणारी थाप नसती तर नाटक तिथेच संपलं असतं.

इथे घड्याळ बिघडतं

वर्गात कुणीतरी हमखास विचारतं की सर, यांना व्यभिचाराला वेळ कधी मिळाला? बरोबर आहे. डेस्डेमोना आणि कॅसियो वेगवेगळ्या जहाजांनी आले, काल दुपारी पोचले. आणि कॅसियोची मैत्रीण बियांका तर त्याच्याशी भांडते की तू सात दिवस-रात्री, १६८ तास फिरकला नाहीस. बेटावर येऊन पुरते चोवीस तास झालेले नाहीत! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जॉन विल्सनने यावर 'दुहेरी काळ' असा तोडगा काढला: रंगमंचावर एक घड्याळ वेगाने पळतं, बोलण्यात दुसरं सावकाश चालतं. ही शेक्सपिअरची चूक असेलही. मला ती कामाची वाटते. चिंथिओच्या कथेत जोडपं काही काळ सुखाने नांदतं, संशय हळूहळू पिकतो. शेक्सपिअरने तो सगळा काळ काढून टाकला, कारण इयागोची हत्यारं घाईतच चालतात. प्रेक्षकालाही बेरीज करायला फुरसत मिळत नाही, ऑथेल्लोसारखीच.

रविवार, दुपारी चारच्या सुमारास. उरले ९ तास

चौथ्या अंकाच्या सुरुवातीला ऑथेल्लोचं बोलणं मोडतं. पद्य सुटतं, गद्य येतं, गद्याचीही वाक्यं राहत नाहीत. रुमाल, कबुली, नाक, कान, ओठ असे सुटे अवयव तोंडातून पडतात आणि तो फेफरं येऊन कोसळतो. आधी व्याकरण पडतं, मग माणूस.

शुद्धीवर आल्यावर आडोशाला उभं करून त्याला कॅसियोचं हसणं दाखवलं जातं. कॅसियो हसतोय बियांकाविषयी, ऑथेल्लोला ऐकू येतं डेस्डेमोनाविषयी. नेमकी तेव्हाच बियांका तो रुमाल घेऊन येते, इयागोने कॅसियोच्या खोलीत टाकलेला आणि कॅसियोने तिला दिलेला. विष आण, तो म्हणतो. इयागो सुचवतो की नको, अंथरुणातच गळा दाबा. सूचना लगेच पटते, कारण त्यात ऑथेल्लोला न्याय दिसतो.

एवढ्यात व्हेनिसहून लोडोव्हिको पत्र घेऊन उतरतो: ऑथेल्लोला परत बोलावलंय, त्याच्या जागी कॅसियो. डेस्डेमोना आनंद दाखवते आणि तो तिला सगळ्यांसमोर मारतो. पाहुण्यांना जेवायला थांबा म्हणता म्हणता, जाता जाता, त्याच्या तोंडून दोन शब्द निसटतात. बोकड. माकड.

लोडोव्हिकोला वाटतं हा वेडा झाला. इयागो शेजारी उभा आहे आणि आपले शब्द ओळखतोय. दुपारी दिलेले, संध्याकाळच्या आत परत आले. भाषा आणि व्यक्तिचित्रण या प्रश्नाला मी पूर्ण गुण देईन ते या दोन शब्दांना. मराठीला हे नाटक जुनं आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर १८६७ चं, आणि देवलांचं 'झुंजारराव' १८९० चं, त्यात इयागोचा जाधवराव झाला आणि डेस्डेमोनाची कमळजा. कुठल्याही भाषांतराची पारख मी या जागी करतो. तिथे दोन्ही वेळी तीच दोन जनावरं आली आहेत की दुसऱ्या खेपेला नुसती शिवी ठेवली आहे?

संध्याकाळी सातच्या सुमारास. उरले ६ तास

ऑथेल्लो बायकोच्या खोलीला कुंटणखाना ठरवून एमिलियाच्या अंगावर पैसे टाकतो. डेस्डेमोना नंतर इयागोला विचारते की मी 'ते' आहे का? शब्द तिला उच्चारता येत नाही. एमिलिया तिच्यावतीने सरळ उच्चारते आणि म्हणते की कुणीतरी हरामखोराने नोकरीसाठी कान भरलेत, मी पैजेवर सांगते. नवरा शेजारीच उभा आहे. गप्प बस, हळू बोल, म्हणतो. जेवणाचे कर्णे वाजतात.

रात्री दहाच्या पुढे. उरले ३ तास

दोन बायका, एक अंथरूण, केस सोडवणं. डेस्डेमोना आईच्या दासीने म्हटलेलं विलोचं गाणं म्हणते. १६२२ च्या छापील प्रतीत हे गाणं नाही आणि एमिलियाचं बायकांच्या बाजूचं भाषणही नाही. १६२३ च्या प्रतीत दोन्ही आहेत. ती नसती तर हा प्रवेश खुनाआधीची नुसती चाल ठरला असता. एमिलिया सांगते की बायकांनाही चव कळते, राग येतो, मोह होतो, नवऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एमिलियाचं बोलणं अलंकार नसलेलं, भाजीबाजारातल्या बाईसारखं रोखठोक.

बारा ते एक

अंधारात रोडेरिगो कॅसियोवर धावतो, कॅसियोच्या पायाला जखम होते, इयागो रोडेरिगोला संपवतो. ऑथेल्लो लांबून आरडाओरडा ऐकतो, इयागोने शब्द पाळला म्हणतो आणि घराकडे वळतो.

एकच्या सुमारास

तो दिवा घेऊन येतो आणि त्याची भव्य भाषा परत आलेली असते. हे भयंकर आहे. दुपारच्या चिंधड्या झालेल्या गद्यापेक्षा ही शांत कविता जास्त घाबरवते, कारण तिने खुनाला यज्ञाचं रूप दिलंय. डेस्डेमोना जागी होते. ती वेळ मागते: उद्या मार, आजची रात्र राहू दे. मग, निदान अर्धा तास. मग, एक प्रार्थना होईपर्यंत. सकाळी मंगळवार-बुधवारपर्यंत पसरलेली तिची यादी एवढ्यावर आली आहे. तो म्हणतो, उशीर झाला.

त्यानंतर

एमिलिया दार ठोठावते. ऑथेल्लो सांगतो की तुझ्या नवऱ्याला सगळं माहीत होतं. ती म्हणते, माझ्या नवऱ्याला? तो पुन्हा सांगतो. ती पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो चिडतो की सारखं तेच काय विचारतेस. सकाळी इयागोने समोरच्याचे शब्द परत करून संशय पेरला होता. रात्री त्याची बायको समोरच्याचे शब्द परत करते आणि प्रत्येक खेपेला खोटं उघडं पडत जातं.

इयागो तिला घरी जा म्हणतो. ती म्हणते, एरवी ऐकणं माझं काम, आता नाही. रुमालाचं सांगून टाकते आणि नवऱ्याच्या तलवारीने मरते. इयागो म्हणतो, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. ऑथेल्लो शेवटची गोष्ट सांगतो, अलेप्पोमध्ये व्हेनिसकराला मारणाऱ्या तुर्काचा गळा मी कसा धरला याची, आणि त्या तुर्कासारखंच स्वतःला संपवतो. परकं जनावर मारणारा इमानी सेनापती तोच, आणि मारलं जाणारं परकं जनावरही तोच. ती नजर त्याने इयागोकडून घेतली होती आणि ती त्याने शेवटपर्यंत परत केली नाही.

या नाटकात सर्वांत जास्त ओळी ऑथेल्लोच्या नाहीत, इयागोच्या आहेत, आणि अभ्यास करणारेही त्याच्याच मागे धावतात. माझं मत विचाराल तर भाषा शिकायची ती एमिलियाकडून. दुपारी ती चुकीच्या जागी गप्प बसली, रात्री जीव जाईल हे दिसत असताना बोलली. नाटक पुन्हा हातात घ्याल तेव्हा पहिल्या फेरीत फक्त तिची वाक्यं वाचा.